खालचा अर्धा फळा

तेजस्विनीला नाशिकरोडला दिलं, त्या वर्षीच्या श्रावणातली ही गोष्ट. तिची आजी कुसाबाई सायखेड्यात आपल्या पिठाच्या गिरणीबाहेर फळ्यावर बातमी लिहीत होती. अक्षरं ती पन्नाशीनंतर शिकली, साक्षरतेच्या वर्गात. तेव्हापासून हा रोजचा नेम. वर बातमी, खालचा अर्धा फळा कोरा. ज्याला पटलं नाही त्यानं खाली लिहावं आणि नाव घालावं. खडू दोरीला बांधलेलाच असे.

"आई, ग्रुपवर टाकलं की झालं," गिरणीतून सोमनाथ, तिचा मुलगा, म्हणाला. "फळा कोण वाचतंय आता?"

"तुमच्या ग्रुपवर उत्तर द्यायला जागा असती का रं?"

"व्हती की. गोरक्ष ॲडमिन झाला अन् त्यानं बंद केली. आता फक्त ॲडमिनच बोलतो."

"म्हंजे ग्रुप समद्या गावाचा, अन् तोंड एकट्याला?"

सोमनाथ हसला. कुसाबाईला मात्र तो प्रश्न दिवसभर पुरला. सगळ्यांना बोलता येईल आणि कुणाचं खोटं खपणार नाही, अशी जागा असते का कुठं? आपला फळा तसा आहे, असं तिला वाटे. दोघांना विचारल्याशिवाय ती लिहीत नसे. आजही विचारूनच लिहिलं होतं : 'भागीबाईच्या दुधात पाणी. गिऱ्हाइकांची तक्रार.'

दोन दिवसांनी भागीबाई आली. एकटी बाई, दोन म्हशींवर पोट. भरलेला कॅन तिनं ओट्यावर आदळला.

"कुसे, हे दूध आता तूच पी. समदे रतीब तुटले माझे."

"दोघांना इचारून लिहिलं, भागे."

"गाव इचारत फिरलीस, अन् माझं दार नाय दिसलं? कवळा चारा खाल्ल्यावर दूध पातळ व्हतं, तुला ठावं नाय?"

कुसाबाईला ठाऊक होतं. तिच्याही दारात एकेकाळी म्हैस होती.

"खालची जागा तुझीच व्हती. लिहायचं व्हतंस."

"कशानं लिहू? म्हशीच्या शेपटीनं? मला अक्षर येतं व्हय?"

कुसाबाईनं फळ्याकडं पाहिलं. अर्धं आयुष्य ती स्वतः असल्या फळ्यांवरून नुसती नजर फिरवत गेली होती. तरी हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं खडू उचलला.

"तू सांग, मी लिहिते."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

"मग लिही. कुसाबाई खोटारडी हाय."

सोमनाथनं गिरणी बंद केली. कुसाबाईनं लिहिलं. "पुढं?"

"ज्याला शंका हाय त्यानं धार काढताना येऊन बसावं." भागीबाईनं कॅन उचलला. "ते खोटारडी पुसलं तरी चालंल."

"खालचं पुसायचा हक्क मला नाय."

आठवडाभर ते तसंच राहिलं. काही रतीब परत आले, सगळे नाही. वरचं वाचलेले सगळेच खालचं वाचायला थांबले नव्हते. त्यानंतर कुसाबाई आधी ज्याची बातमी त्याच्या दारात जाई. लिहिता न येणाऱ्यांचं खाली लिहून देई. तरी काहीतरी सुटतंच, असं तिला दर वेळी वाटे.

कुणाच्या निधनाची बातमी असली की ती खाली जागा सोडत नसे. त्याला कोण काय उत्तर देणार? यंदा एकदा सोडली. वर भागीबाईचं नाव लिहिलं आणि त्याखाली, 'दूध चोख होतं.' रतीब तोडलेल्या घरांतली माणसंही उभी राहून वाचून गेली. खडू दोरीला तसाच लोंबत राहिला.

भागीबाई संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वारली.