मूठमाती

एमिलने उजव्या हाताची दोन बोटं मांड्यांच्या मधे धरली होती. दोन बोटं म्हणजे वळणारा चेंडू. समोरच्या उंचवट्यावरून ऑर्विलने मान हलवली, हात मागे नेला आणि सरळ, वेगाचा चेंडू फेकला.

वळणाची वाट पाहणारा ग्लव्ह खाली राहिला. चेंडू एमिलच्या लोखंडी मुखवट्याला घासून मागे पंचाच्या खांद्यावर आदळला आणि जाळीपर्यंत घरंगळत गेला. एमिल धडपडत त्याच्यामागे गेला तोवर यजमान संघाचे दोन्ही धावपटू एकेक बेस पुढे सरकले होते. आता एक तिसऱ्यावर, एक दुसऱ्यावर. शेवटचा डाव, दोन गडी बाद, आणि एमिलचे हॅमर्स अवघ्या एका धावेने पुढे. आता एखादा फटका साधा गवतात पडला तरी दोघे घरच्या पाटीवर पोचणार, दोन धावा होणार आणि सगळं संपणार.

खांदा चोळत पंच म्हणाले, "काय, घरात भांडण झालंय का तुमच्या?"

"जुनं लग्न आहे साहेब. होतं कधीमधी," एमिल म्हणाला, आणि खेळ थांबवायची परवानगी मागून उंचवट्याकडे चालू लागला.

चालताना तो लंगडत नव्हता. न लंगडता चालायला त्याला किती कष्ट पडतात हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक त्याची बायको विल्मा, आणि दुसरा समोर कमरेवर हात ठेवून उभा असलेला ऑर्विल टिबेट्स.

दहा वर्षांपूर्वी हॅमर्सनी बेसबॉलचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा हेच लोक होते. एमिल हाव्रान कॅचर, ऑर्विल पिचर, आणि तेच पहिल्या-दुसऱ्या बेसवरचे, तेच मागच्या गवतातले. मालक हळवा माणूस. ज्यांनी आपल्याला करंडक दिला त्यांना विकायचं कसं, म्हणून त्याने दर हिवाळ्यात त्यांचेच करार वाढवले. दुसऱ्या वर्षी संघ थोडक्यात हुकला. मग तिसरा आला, मग पाचवा, मग लोकांनी नंबर विचारायचंही सोडलं. गावातलं वर्तमानपत्र त्यांना 'वृद्धाश्रम' म्हणू लागलं. न्हाव्याच्या दुकानात लोक विचारत, आज कोणाची कंबर धरली.

तरी संघ उभा होता, आणि तो कसा उभा होता हे आतल्यांनाच माहीत. पहिल्या बेसवरच्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या बेसवरचा त्याच्या वाटचं ओरडायचा. मधल्या गवतातल्याचा खांदा गेला होता, म्हणून त्याचा चेंडू घ्यायला आतला माणूस अर्ध्या मैदानापर्यंत पळत जायचा. जुनी कुंपणं एकमेकांना टेकून उभी राहतात, तसं ते चाललं होतं. कोणी कोणाबद्दल बाहेर बोलायचं नाही, एवढा एकच नियम.

यंदा बाकीच्यांचेच पाय एकमेकांत अडकले आणि वृद्धाश्रम पुन्हा वर आला. आजचा सामना मोसमाचा शेवटचा. जो जिंकेल तो पुढे, आणि हरले तर म्हातारे घरी. मालकाने या वेळी स्पष्टच सांगितलं होतं, की हिवाळ्यात नवी माणसं येतील.

"मी किती बोटं दाखवली?" एमिलने तोंडासमोर ग्लव्ह धरून विचारलं.

"एक."

"दोन."

ऑर्विल थुंकला. "पॉलिश उडालंय तुझं."

"सकाळी लावलंय. दोन हात."

एमिलची नखं केशरी होती. गेल्या वर्षी ऑर्विलला त्याची बोटं दिसेनाशी झाली तेव्हा विल्मानेच हा तोडगा काढला होता. समोरचे फलंदाज चेष्टा करत, बाई कुठल्या पार्टीला निघाल्या म्हणून. एमिल ऐकून घेई. चष्म्याचं नाव काढलं की ऑर्विल दिवसभर अबोला धरायचा. चष्मा लावला की मालकाला कळणार, आणि मालकाला कळलं की संपलं.

पण आज केशरी रंगही कामाचा नव्हता. ऑक्टोबरची उन्हं कलली होती. प्रेक्षकांच्या मजल्यांची सावली घरच्या पाटीवर पसरली होती आणि उंचवटा अजून लख्ख उन्हात होता. उजेडातून अंधारात बघायचं म्हणजे तरण्या डोळ्यांनाही जड.

"एलिसेओ तयार आहे, तुझ्या जागी टाकायला," एमिल म्हणाला. "मघापासून हात मोकळा करतोय."

"ते पोर?"

"ते पोर."

"अरे एकच माणूस उरलाय. एकच. दहा वर्षं थांबलो मी या एका माणसासाठी." ऑर्विलचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "खुणा राहू दे. पाळीने टाकतो. आधी वळणारा, मग वेगाचा, मग वळणारा. तू फक्त धर."

"आणि मधेच चुकलास तर?"

"मी कधी चुकलो?"

"आत्ता. पंचांच्या खांद्याला विचार."

ऑर्विल हसला नाही. "एमिल, मी कधी तुझ्या गुडघ्याबद्दल कोणाला बोललो का?"

नव्हता बोलला. दोन वर्षं बेसवर माणूस असताना ऑर्विलने बुडता चेंडू टाकला नव्हता. बुडता म्हणजे पाटीपाशी येऊन मातीत घुसणारा. तो अडवायला कॅचरला दोन्ही गुडघे जमिनीवर टाकावे लागतात, आणि एमिलचा डावा गुडघा टेकला की पुन्हा उठत नव्हता. ऑर्विलचं सगळ्यात धारदार हत्यार तेच. ते त्याने एमिलसाठी म्यान करून ठेवलं होतं. त्यापायी किती सामने गेले असतील हे एमिलने कधी मोजलं नाही, मोजायची छाती झाली नाही.

"उरका आता, लग्नाचा वाढदिवस नंतर करा," पंच मागून म्हणाले.

एमिल परत निघाला. मैदानभर गलका चालला होता. लोक पायांनी लाकडी बाकं बडवत होते. पाटीपाशी येऊन त्याने आपल्या बाकाकडे पाहिलं. मॅनेजर गस पालोटा पायरीवर एक पाय ठेवून त्याच्याकडेच बघत होता. त्या बघण्यात प्रश्न होता, आणि दहा वर्षांत तो प्रश्न अनेकदा विचारला गेला होता.

या प्रश्नाचं उत्तर द्यायची हॅमर्सची स्वतःची खूण होती. पिचरचं संपलं असेल तर कॅचरने वाकून मूठभर माती उचलायची आणि बोटांतून सोडायची. बघणाऱ्याला वाटावं, हात कोरडा करतोय. खेळाडू त्या खुणेला 'मूठमाती' म्हणत. एमिलने अनेकांना मूठमाती दिली होती. ऑर्विलला कधीच नाही. ऑर्विल दमला, मार खाऊ लागला, तरी एमिल दोन्ही हात ग्लव्हवर ठेवून उभा राहायचा आणि गस मान हलवून आत जायचा.

तो वाकला. गुडघ्यातून कळ निघाली. वाकलेल्या अवस्थेत त्याला वाटलं, नुसती बुटाची नाडी बांधून उठता येईल. मग त्याला उंचवट्यावरचा ऑर्विल दिसला. डोळे बारीक करून तो सावलीत काहीतरी शोधत होता, आणि त्याचा चेहरा एमिलच्या थोडा डावीकडे, जिथे कोणीच नव्हतं तिथे वळलेला होता.

एमिलने माती उचलली आणि सोडली.

गस बाहेर आला. त्याने हात वर केल्यावर एलिसेओ पेन्या मैदानाच्या टोकाकडून पळत निघाला. ऑर्विलला पहिल्यांदा काही उमगलं नाही. गस अगदी जवळ आला तेव्हा त्याने आधी त्याच्याकडे आणि मग एमिलकडे पाहिलं. एमिल तोवर उंचवट्यापाशी पोचला होता. अशा वेळी कॅचरला यावंच लागतं.

"चेंडू दे," गस म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

ऑर्विलची नजर एमिलच्या उजव्या हातावर गेली. केशरी नखांत माती होती. एवढ्या जवळून त्याला ती दिसली.

एमिल वाट पाहत होता. आता हा बोलेल. डोळे माझे तर गुडघा याचा, दोघांनाही बसवा म्हणेल. आणि म्हणाला तर खोटं काय त्यात? शेवटचा माणूस बाद होताना आपण पाटीमागे नसू, हा विचार त्याला मूठ उघडेपर्यंत शिवलाच नव्हता.

ऑर्विलने चेंडू गसला दिला नाही. तो पळत आलेल्या एलिसेओच्या ग्लव्हमधे ठेवला आणि त्याच्या मानेवर हात टाकला.

"ऐक पोरा. याला खाली टाकू नकोस. छातीच्या रेषेत टाक. खालचा दिला तर हा मैदानाबाहेरच्या तळ्यात नेऊन घालतो."

"हो, ऑर्विलकाका."

गसने भुवया वर केल्या, पण गलका इतका होता की काही विचारायला वेळ नव्हता. एमिलने मात्र ऑर्विलकडे वळून पाहिलं. हा फलंदाज खालच्या चेंडूवर आंधळा होता, सगळ्या लीगला ते माहीत होतं. एलिसेओचा तर बुडता चेंडूच हुकमी. ऑर्विल पोराला खोटं सांगत होता, आणि ते कोणाच्या गुडघ्यासाठी हे सांगायची गरज नव्हती.

ऑर्विल बाकाकडे चालत गेला. पहिल्या पायरीला अडखळला, कोणीतरी हात दिला.

फलंदाज पुन्हा उभा राहिला. "काय हो मावशी, म्हाताऱ्याला घरी पाठवलंत?"

एमिल पाटीमागे बसला. एक बोट दाखवलं. एलिसेओने सांगितल्याप्रमाणे छातीच्या रेषेत टाकला आणि बॅट कडाडली. चेंडू उंच, डाव्या रेषेवरून गेला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. रेषेच्या हातभर बाहेर, प्रेक्षकांत पडला. रेषेबाहेरचा फटका, म्हणून दुसरा स्ट्राइक; पहिला ऑर्विलने आधीच घेतला होता. बाद करायला आणखी एकच हवा होता.

"हातभर," फलंदाज पाटीवर बॅट आपटत म्हणाला. "पुढचा आतच पडेल, मावशी."

एमिललाही तेच वाटत होतं. त्याने खाली बसून हात मांड्यांत नेला. बोटं थोडा वेळ मिटलेलीच राहिली. मग त्याने चारही उघडली. चार म्हणजे बुडता चेंडू.

एलिसेओने मान हलवली, नाही म्हणून. त्याला ऑर्विलकाकांनी सांगितलं होतं.

एमिलने पुन्हा चार दाखवली आणि बोटं झटकली. केशरी नखं सावलीत हलली. पोराचे डोळे चांगले होते. त्याने एकदा आपल्या बाकाकडे पाहिलं आणि मग होकार दिला.

चेंडू कमरेएवढा आला आणि पाटीजवळ विहिरीत पडावा तसा बुडाला. बॅट हवेतून फिरली. तिसरा स्ट्राइक. पण चेंडू मातीत आपटला होता, आणि मातीत आपटलेला चेंडू कॅचरने धरला नाही तर फलंदाज बाद होत नाही, पळू शकतो; मग त्याला चेंडू टेकवावा किंवा पहिल्या बेसवर फेकावा लागतो. एमिलने दोन्ही गुडघे टाकले. चेंडू उसळून त्याच्या छातीवर बसला आणि पुढे दीड हातावर पडला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज त्याने कानांनी नाही, दातांनी ऐकला.

तिसऱ्यावरचा माणूस धावत येत होता. उठता येणार नव्हतं. एमिल पोटावर पडला, हात लांब केला, चेंडू बोटांना लागला. फलंदाज अजून तिथेच उभा होता. आपण चुकलो कसे, हे हातातल्या बॅटला विचारत होता. कोणीतरी किंचाळून त्याला पळायला सांगितलं. त्याने पाय उचलला तेव्हा एमिलने मुठीतल्या चेंडूने त्याच्या घोट्याला स्पर्श केला, अगदी हळू.

पंचांनी बादची मूठ वर केली.

मैदान एकदम गप्प झालं. परक्या गावात जिंकल्यावर होते तशी ती शांतता होती. एमिल मातीत तोंड खुपसून पडून राहिला. पावलं आली. पहिला हात खांद्यावर पडला तो थोडा चाचपडत, आधी पाठीवर आणि मग खांद्यावर.

"खाली टाकायला तूच सांगितलंस ना, गाढवा?" ऑर्विल त्याच्या कानाशी बसत म्हणाला.

"हो."

"गुडघा?"

"गेला."

मागून गस येत होता. आता त्याला सगळंच कळणार होतं. ऑर्विलने एमिलच्या काखेत हात घातला, पण उचलायच्या आधी थांबला.

"एमिल, मला बाकावरून काही दिसलं नाही," तो हलकेच म्हणाला. "पंचांनी काय दिलं? आऊट?"