धूरमहाराजांची बाटली

बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या गाड्या बाळगणारी सगळी मंडळी, त्यांच्या बायका, शेजारीपाजारी, शिवाय ज्यांच्या दारात सायकलसुद्धा नाही असे हौशे-गवशे, सगळे एका सायलेन्सरकडे डोळे लावून उभे होते.

दादांनी किल्ली फिरवली. आदल्या संध्याकाळपासून शेडमध्ये उभी असलेली त्यांची पन्नास वर्षांची हिरवी गाडी खोकली, थरथरली आणि तिने निळ्या धुराचा असा लोट सोडला की पुढची रांग मागच्या रांगेच्या पायांवर चढली. धुरावरून गाड्यांची दुखणी बरी करणारे धूरमहाराज मात्र सायलेन्सरपाशी मांडी घालून, डोळे मिटून धूर हुंगत होते.

"तेल गळत नाहीये," ते म्हणाले. "तेल रडतंय. इंजिनाच्या डाव्या कुशीत जुनं दुःख आहे."

इंजिनाला कूस कुठून आली, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. महाराजांनी तेलाचं झाकण उघडून बाटलीतला चमचाभर सोनेरी द्रव आत ओतला. गुलाबाचा वास सुटला. ते पुटपुटत राहिले, गाडी चालू राहिली, आणि दहा मिनिटांत धूर दिसेनासा झाला. सायलेन्सरपुढे धरलेला पांढरा रुमाल पांढराच राहिला. लोकांनी हात जोडले. मग महाराजांनी तेल मोजायची पट्टी इंजिनात जाते तिथे लाल मेण ओतलं आणि बजावलं, चाळीस दिवस पट्टी बाहेर काढायची नाही, तेलही घालायचं नाही. मोजलेला गुण उडून जातो म्हणे!

मागे खांबाला टेकलेल्या दादांच्या धाकट्या भावाची तळपायाची आग मस्तकात गेली. हा भाऊ पेशाने मिस्त्री, तीस वर्षं इंजिनं उघडत आलेला. या गाडीचं दुखणं त्याने केव्हाच ओळखलं होतं. पण ते इंजिन त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी जोडलेलं. वडील गेल्यापासून दादांनी त्याच्या एकाही बोल्टला पाना लावू दिला नव्हता. मिस्त्रीने "उघडावं लागेल" म्हटलं की दादा विषय बदलत. महाराज न उघडता बरं करत होते, आणि तिथेच त्यांनी दादांना खिशात टाकलं होतं.

घरी जाताना मिस्त्रीने समजवायचा प्रयत्न केला. दादांनी त्याला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही.

"तुला जे जमलं नाही ते त्यांना जमलं, म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

पुढचे तीन आठवडे मिस्त्रीला धड झोप लागली नाही. दादांच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि दादा-वहिनी याच गाडीने घाट ओलांडून तिच्याकडे जाणार होते. आत तेल किती उरलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मेणाखाली होतं.

निघायच्या दिवशी सकाळी तो दादांच्या दारात हजर झाला. सामान डिकीत गेलं होतं. दादांनी गाडी चालू केली आणि अंगणभर निळा धूर पसरला. मिस्त्रीने सायलेन्सरकडे बोट दाखवलं.

"उरलीसुरली पीडा बाहेर पडतेय," दादा म्हणाले. "महाराजांनी आधीच सांगून ठेवलंय."

म्हणजे धूर गेला तरी महाराज खरे आणि आला तरी महाराज खरे! मिस्त्रीचा बांध फुटला. तो घसा फोडून बोलला, दादाही हटेनात. वडिलांचं इंजिन, तुझा मत्सर, तुमचा आंधळेपणा, सगळं निघालं. गाडी आपली चालूच. वहिनी हातात थर्मास धरून दोघांचं ऐकत होत्या. अखेर त्या सायलेन्सरपाशी गेल्या आणि वाकून बघत राहिल्या.

"धूर गेला की," त्या म्हणाल्या. "कोणी काय ओतलं?"

दोघे भाऊही वाकून बघू लागले. कोणी काहीच ओतलं नव्हतं.

"भावजी, आता आरडाओरडा नको. मला कळेल असं सांगा."

मिस्त्रीने आधी गाडी बंद करायला लावली, मग सांगितलं. इंजिनाच्या वरच्या भागात व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या दांड्यांवर छोटी रबरी सीलं असतात, वरचं तेल खाली उतरू नये म्हणून. ती जुनी होऊन तडकली की गाडी रात्रभर उभी असताना तेल थेंब थेंब खाली झिरपतं. सकाळी साचलेलं तेवढं तेल जळतं, निळा धूर होतो. जळून सरलं की धूर पुष्कळसा थांबतो. त्याला बाटली लागत नाही, दहा मिनिटं लागतात. म्हणून तर महाराज गाडी आदल्या संध्याकाळीच शेडमध्ये आणून ठेवायला सांगतात.

"आणि मेण?" वहिनींनी विचारलं.

"तेल रोज जळतंय. पट्टी काढली तर ते दिसेल ना."

वहिनी आत जाऊन सुरी घेऊन आल्या. दादा "अगं" म्हणेपर्यंत त्यांनी मेण खरवडलं आणि पट्टी उपसली. तेलाची खूण दूरच, पट्टीच्या अगदी टोकाला काळा डाग तेवढा होता. दादांनी पट्टी पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेच. मग त्यांनी स्वतःच डिकीतलं सामान उतरवलं.

लेकीकडे ते दोघं बसने गेले. नात झाली, सगळं सुखरूप झालं. परतल्यावर दादांनी स्वतःहून इंजिन उघडायला सांगितलं, आणि त्यानंतरच्या रविवारी तिघं शेडमध्ये गेली.

गर्दी तेवढीच होती. दादांनी महाराजांना विनंती केली, पहिली गाडी बाटलीशिवाय दहा मिनिटं चालू ठेवून पाहू. महाराज हसले, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये म्हणाले. पण गाडीचा मालक दंतवैद्य होता. बघायला काय हरकत आहे, असं म्हणून त्याने किल्ली फिरवली. निळा लोट आला आणि नवव्या मिनिटाला विरला.

"आमच्या नुसत्या सान्निध्याने," महाराज म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी चक्क हात जोडले. मिस्त्रीला वाटलं, खांबावर डोकं आपटून घ्यावं.

दादा मात्र शांतपणे पुढे झाले.

"माझ्या अंगणात तर हे नव्हते," ते लोकांना म्हणाले. "तिथेही धूर असाच गेला. आणि मेणाखालची पट्टी जवळजवळ कोरडी निघाली. माझी बायको त्या गाडीत बसून घाटात जाणार होती. इंजिन जाम होऊन काही बरंवाईट झालं असतं, तर मी यांना दोष दिला नसता. नशिबाला दिला असता, आणि पुढच्या रविवारी पुन्हा इथे येऊन हात जोडले असते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, यांच्यावरही ठेवू नका. मेण काढा आणि तेल किती आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जो बघू नका म्हणतो, तो का म्हणतो, एवढं त्याला विचारा."

महाराज काहीतरी बोलू लागले. पण हात जोडणाऱ्या दोघांपैकी एकाने तोवर आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं आणि तो बायकोकडे सुरी मागत होता.