मघाचाच आवाज

“मास्तरसाहेब, तुमी कुण्या इंग्रजासंगं कधी बोललात का?”

गंगासागरनं विचारलं आणि वर्गातल्या बाकीच्या सातजणींनी एकदम माना खाली घातल्या. प्रश्न त्यांचाच होता. ‘विचारून दाखव, आमच्या परसातले पेरू तुझे,’ अशी पैज सत्यभामेनं सकाळीच लावली होती, आणि आता तीच पदरात तोंड खुपसून खुसखुसत होती.

मोहनराव मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. “मी न्हाई बोललो. तो बोलला माझ्यासंगं. जालन्याच्या ठेसनावर. ‘हटो’ म्हणला.”

वर्ग खिदळला. मास्तरही हसले आणि मग बोट रोखून म्हणाले, “जिची जीभ एवढी चालते, तिनं ती सोमवारी मोहतमीमसाहेबापुढं चालवावी.”

मोहतमीमसाहेब म्हणजे निजामसरकारच्या तालीम, म्हणजे शिक्षण खात्याचे अंमलदार. गेवराईत बाजारामागच्या एका खोलीत पोरींना इंग्रजी शिकवतात हे ऐकून त्यांना म्हणे हसू आलं होतं. पण नुसतं हसून सोडून देणारा माणूस नव्हता तो. मुआयना, म्हणजे तपासणी करून, मगच शाळा ठेवायची का मोडायची ते ठरवणार होता.

मास्तरांची शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची होती. इंग्रजीत दिसायला जुळे आणि अर्थानं एकमेकांना न ओळखणारे शब्द पोत्यानं आहेत. मास्तरांनी त्यांच्या जोड्या लावल्या आणि बैलजोडीसारखी एकेक जोडी एकेकीच्या दावणीला बांधली. बायनाला हाऊस आणि हॉर्स. ती सुंदरराव देशमुखांची लेक. तिच्या दारात घोडा होता आणि घर तर केवढं! पण तिच्या तोंडी येईपर्यंत घोड्याला खिडक्या फुटायच्या आणि घराला शेपूट. सत्यभामेला क्वाएट आणि क्वाइट, एक म्हणजे गप्प आणि दुसरा म्हणजे अगदी. त्यातलं गप्प तिला जन्मात जमलं नव्हतं.

हजेरी घराण्याच्या मानानं घ्यायची रीत. आधी देशमुख, मग पाटील-कुलकर्णी, असं करत गुळाच्या दुकानाची पोर शेवटी. म्हणून गंगासागरला शेवटची जोडी आली, डेझर्ट आणि डिझर्ट. पण तिला आठही जोड्या पाठ होत्या. दुकानात बसल्या बसल्या ती पुड्या बांधावी तशा त्या बांधायची. “वाळवंटात एस एकच, अप्पा. तिथं सगळ्याचीच टंचाई. जेवणावरच्या गोडात दोन. गोड कुणी एकदाच वाढून घेतं का?” तिचे अप्पा, धोंडप्पा, तराजू धरून ऐकायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, “ऐका, हे वर फुकट हाय.”

हेच धोंडप्पा मागच्या आठवड्यात दिंद्रुडच्या एका व्यापाऱ्याचं स्थळ घेऊन आले. गंगासागर रडली नाही. तिनं भाव केला; लेक दुकानदाराचीच होती. बरीच ओढाताण होऊन सौदा ठरला तो असा: मोहतमीमसाहेबानं नाव घेऊन शाबासकी दिली तर बीडला मावशीकडं राहून पुढची शाळा. नाही दिली तर दिंद्रुड.

सोमवारी ती वेणीफणी करून शाळेत पोचली, तर खोलीच्या मधोमध जाजम टांगलेलं! देशमुखांच्या घरात गोशा. परक्या पुरुषानं लेकीला बघायचं नाही, पण लेक हुशार आहे हे मात्र त्याला कळलं पाहिजे. म्हणून पोरी जाजमाच्या अलीकडं; मोहतमीमसाहेब, मास्तर आणि खुद्द सुंदरराव पलीकडं. जिला अख्खी गेवराई रोज दुकानात बघते ती गंगासागरसुद्धा त्या दिवशी गोशात बसली.

“बायनाबाई सुंदरराव!” मास्तरांनी पुकारलं. “हाऊस आणि हॉर्स!”

बायनानं तोंड उघडलं. आतून घरही येईना आणि घोडाही. पलीकडं सुंदररावांनी घसा खाकरला, तसा बायनानं गंगासागरचा दंड असा काही आवळला की गंगासागरच्याच तोंडून आपसूक, खणखणीत निघून गेलं, “हाऊस यानी मकान. हॉर्स यानी घोडा. एक ही हर्फ का फर्क, जनाब.”

“माशाल्लाह!” साहेब खूश झाले. “देशमुखसाब, क्या आवाज है आपकी बेटी की! मैं एक बार सुनी हुई आवाज कभी भूलता नहीं.”

आता खरं तर बाकीच्यांनी धीर धरायचा. पण एकदा सोय झाल्यावर धीर कोण धरतं? सत्यभामेनं पुकारा होताच गंगासागरला कोपर मारलं. गंगासागरनं नाकातून, चिरक्या आवाजात, गप्प आणि अगदी यांची वाटणी करून दिली. पाटलाच्या पोरीसाठी ती घोगरी झाली, कुलकर्ण्यांच्या पोरीसाठी बोबडी. मजा आली तिला, खोटं कशाला बोला! पलीकडून दर वेळी “शाबाश” यायचं आणि इकडं आठहीजणी एकमेकींच्या पाठीत गुद्दे घालायच्या.

“गंगासागर धोंडप्पा! डेझर्ट आणि डिझर्ट!”

तिनं पदर सावरला. आता स्वतःची पाळी, स्वतःचा आवाज. “डेझर्ट यानी रेगिस्तान. डिझर्ट यानी खाने के बाद का मीठा.”

पलीकडं साहेब हसले. “ठहरो. ये तो वही पहली लडकी की आवाज है! देशमुखसाब, आपकी बेटी बडी रहमदिल है, दुकानदार की लडकी को बचा रही है. लेकिन इम्तिहान में ये नहीं चलता. ए लडकी, अपनी आवाज में बोलो!”

गंगासागर परत बोलली. स्वतःच्याच आवाजात.

“फिर वही!” साहेब म्हणाले, आणि पुढं काही विचारलंच नाही.

“मी सांगू का गं?” बायना कुजबुजली. पलीकडं सुंदरराव साहेबाला पान देत होते आणि हसत होते. बापाला एवढं मोठ्यानं हसताना बायनानं कधी ऐकलं नसावं. “सांगू का?” ती पुन्हा म्हणाली. सांगितलं मात्र नाही.

साहेब गेल्यावर गंगासागरनं मास्तरांना गाठलं. “तुमाला तर ठावं होतं.”

मास्तर जाजमाची घडी घालत राहिले. “शाळा राहिली, गंगे. साहेब लई खूश हायेत.”

“शाळा राहिली. मी चालले दिंद्रुडला.”

घरी पोचली तर बातमी तिच्या आधीच येऊन बसलेली. मायनं, नीलाबाईनं, भाकरी तव्यात टाकली आणि विचारलं, “दुसरीच्या आवाजात काऊन बोलली गं तू?”

“दुसरीच्या न्हाई, माय. माझ्याच.” तिनं सगळं सांगितलं, नाकातलं, घोगरं, बोबडं, आवाज काढून काढून. माय हसायचं नाही म्हणता म्हणता हसली. धोंडप्पा हसले नाहीत.

“तू खरं बोलतीस,” ते म्हणाले. “पर सौदा खऱ्याचा नव्हता, शाबासकीचा होता.”

“शाबासकी भेटली की! सात वेळा भेटली.”

“तुझ्या नावानं न्हाई भेटली. उद्या दिंद्रुडला सांगावा धाडतो.”

भाकरी फुगली, माय ती काढायची विसरली. गंगासागर उठून उभी राहिली.

“मग माझं बी ऐका, अप्पा. साहेब उद्या दुपारपोत्तर डाकबंगल्यात हाय. मी जाणार. जाजम न्हाई, गोशा न्हाई, त्याच्यापुढं उभं राहून आठच्या आठ जोड्या म्हणणार. बायनाचं नाव मी घेणार न्हाई, कुणाचंच न्हाई. ऐकलेला आवाज भुलत न्हाई म्हणला ना साहेब? मग तोंड कुणाचं हाय, तेवढंच दाखवायचं राहिलंय. तुमी दुकान बंद करून संगं येता, का मी एकलीच जाऊ, ते सकाळपोत्तर सांगा. दिंद्रुडचा सांगावा मी आल्यावर बघू.”