पदूची पानं

“आई, पीठ वाटलं, सारण झालं. पानं कुठं हायत?”

सुनेनं, हर्षलानं विचारलं आणि जयवंताबाईंचा हात सारणात तसाच राहिला. उद्या नागपंचमी. मोहोपाड्याच्या दोन खोल्यांत सकाळपासून गुळाखोबऱ्याचा वास भरला होता. पंचमीला विळी धरायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून कापणं-किसणं सगळं आजच उरकलेलं. नव्हती ती फक्त हळदीची पानं. ती दर चतुर्थीला त्यांचा धाकटा भाऊ पदू पळसदरीहून आणायचा, आणि पदू दिवाळीत गेला होता.

हे त्या विसरल्या नव्हत्या. तरी हातांनी सवयीनं तांदूळ भिजत घातले, पहाटे भावाचा उपवासही धरला, आणि दुपारभर कान रस्त्याकडं होते, लुनाच्या आवाजाकडं.

“केळीच्या पानात करूया का?” हर्षला म्हणाली.

“केळीच्या पानात काय, कागदात पन उकडतील. पातोळी म्हनू नको मंग त्याला.”

बाईंनी तीस वर्षं एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काढली. रोज तीनशे इडल्या उकडल्या आणि इडलीला त्या अजूनही खाणं मानत नाहीत. खाणं म्हणजे पातोळी. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ बोटांनी पातळ सारवायचं, मधोमध सारण, पान दुमडायचं आणि वाफेला लावायचं. पान सोलल्यावर पातोळीवर त्याच्या शिरा उमटतात. पानही कुठलंही चालत नसे. त्यांच्या आईनं, चिंधीनं, लग्न होऊन येताना माहेरची हळदीची गाठ पदराला बांधून आणली आणि पळसदरीला न्हाणीचं पाणी जातं तिथं लावली. तीच हळद. जयवंता सासरी आली त्या वर्षी बारा वर्षांचा पदू एसटीनं पानं घेऊन आला, नंतर सायकलवर, मग लुनावर. आला की रात्री राहायचा, आणि सकाळी पहिली पातोळी नागाला की आपल्याला, यावरून बहिणीशी भांडायचा. चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही.

आता पानं मागायची तर संजनाकडं, पदूच्या बायकोकडं. आणि पदूच्या बाराव्यापासून बाई तिच्याशी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी चार माणसांत त्या बोलून गेल्या होत्या, “माझा भाऊ छातीवर हात धरून बसलेला आन तू भात रांधत व्हतीस.” संजनानं उत्तर दिलं नव्हतं. त्या न दिलेल्या उत्तराचीच बाईंना भीती वाटत होती. भाऊ गेला म्हणजे माहेर गेलं, हे त्यांना कळत होतं. ते आपल्याच तोंडानं गेलं की काय, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

पंचमीला सकाळी त्यांनी पिठाचा आणि सारणाचा डबा पिशवीत भरला.

“आई, कालपासून उपाशी हायसा,” हर्षला म्हणाली. “आन आज पान तोडत नाय कोनी. जाऊन करनार काय?”

“बघते,” बाई म्हणाल्या. काय बघणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चौक गावापर्यंत सहा आसनी रिक्षा, पुढं कर्जतची एसटी, मग रिक्षा. पळसदरीला उतरल्या तेव्हा डबा मांडीवर धरून हात आखडले होते. घरामागं न्हाणीजवळ हळद कमरेएवढी वाढली होती. यंदा कुणी लावली नसणार, राहिलेल्या गाठी आपणच फुटल्या असणार. ओटीवर पदूची लुना उभी होती. दिवाळीपासून कुणी चालवली नव्हती, तरी पुसलेली होती. हँडलला कापडी पिशवी लटकत होती, आणि पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पानांचे देठ बाहेर आले होते.

बाई तिथंच थांबल्या. दारात संजना आली.

“कालच तोडून ठेवलीत, वन्सं,” ती म्हणाली. “ते अडकवायचे तितंच अडकवली. पर न्यायचं कोनी? गाडी मला येत नाय.”

“संजना, बाराव्याला मी जे बोलले...”

“बोललात. मी पन लय रडले. भात मीच रांधत व्हते, ते काय खोटं नाय. त्यांनीच सांगितलं, भूक लागलीय, आधी जेवायला वाढ.” तिनं पिशवी हँडलवरून काढली. “पानांचं तसं नाय. पानं तुमचीच हायत.”

दोघी चुलीपाशी बसल्या. जयवंता पीठ सारवत होत्या, संजना सारण भरून दुमडत होती. वाफ धरली आणि तो वास घरभर झाला. पहिली पातोळी संजनानं पाटावर काढलेल्या नागापुढं ठेवली. या वेळी कुणी भांडलं नाही. दुसरी तिनं जयवंताच्या हातावर दिली.

बाईंनी पान सोललं आणि त्या नुसत्याच बघत बसल्या.

“खावा वन्सं. गार झाली की ते चिडायचे.”

त्यांनी उपवास सोडला. गूळ नेहमीसारखाच पडला होता.

निघायच्या वेळी संजनानं रिकामी पिशवी धुतली, पिळली आणि पुन्हा लुनाच्या हँडलला अडकवली.

“दे की, घेऊन जाते,” बाई म्हणाल्या.

“ऱ्हाऊ द्या तितंच,” संजना म्हणाली. “पुढच्या चतुर्थीला तुमी याल तवा लागंल.”