नेलचा घास

रविवारी संध्याकाळी पावणेसहा वाजता इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मोरकॅम्ब गावात एका घरी आठ महिन्यांच्या नेलच्या घशात सफरचंदाची फोड अडकली. स्वयंपाकघरात त्या वेळी नेल आणि तिची आई टॅमसिन अशा दोघीच होत्या. आजी डोरीन पुढच्या खोलीत होत्या. त्यांना तिथं बसवून ठेवलेलं होतं.

का बसवून ठेवलं होतं, ते आधी सांगायला हवं. टॅमसिन नेलला चमच्यानं भरवत नसे. मूल सहा महिन्यांचं झालं, नीट बसू लागलं, की घरच्याच जेवणातले मऊ तुकडे त्याच्यापुढे ठेवायचे. कोणता उचलायचा, किती खायचं, कधी थांबायचं हे त्यानं ठरवायचं, अशी ती पद्धत. आमच्याकडे आता बऱ्याच घरांत अशीच सुरुवात होते आणि तिच्यात गैर काही नाही. नेललाही ती मानवली होती. उकडलेलं गाजर मुठीत धरून ती चोखायची, ब्रोकोलीचा तुरा आधी डोक्यावर घासायची आणि मग तोंडात घालायची. त्यातलं थोडंफार पोटातही जायचं.

डोरीनना हे बघवत नसे. त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे टॅमसिनच्या नवऱ्याला, कॉलमला, ‘आलं बघ विमान’ म्हणत वाटलेल्या भाज्यांवर वाढवलं होतं. नेल एखाद्या तुकड्यानं ठसकली, लालबुंद होऊन उमासे काढू लागली, की त्या खुर्ची मागे सारून धावत आणि तिच्या तोंडात बोट घालू पाहत. टॅमसिन त्यांना परोपरीनं सांगे की ठसकणं वेगळं आणि गुदमरणं वेगळं. मूल आवाज करतंय तोवर तुकडा ते स्वतःच पुढे आणतंय; आपण बोट घातलं तर तो आणखी आत जाईल. टॅमसिनचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

चूक दुसरीकडेच होती. टॅमसिन नेलचं प्रत्येक जेवण फोनवर टिपायची आणि आयांच्या एका गटात टाकायची. एकदा डोरीन हातात पुसणं घेऊन धावत येताहेत तेवढं चित्रण तिनं वेगळं काढलं आणि खाली लिहिलं, ‘आमच्या घरची रुग्णवाहिका’. शेकडो जणी हसल्या. डोरीनना ते त्यांच्या केस कापणाऱ्या बाईनं दाखवलं. घरी येऊन त्या सुनेला एवढंच म्हणाल्या, “निदान माझ्या केसांची बरी बाजू तरी घ्यायचीस.” कॉलम हसला. टॅमसिनही हसली, आणि त्या दिवसापासून तिनं नियम केला की नेलच्या जेवणाच्या वेळी आजीनं पुढच्या खोलीत बसायचं, दार लावून. डोरीननी नियम पाळला. त्या टीव्ही बंद करून बसत. टॅमसिनला वाटे, रुसल्या असतील.

त्या रविवारी गटातल्या एका बाईनं आपल्या मुलाचं चित्रण टाकलं होतं. मुलगा नेलच्याच वयाचा, हातात साल काढलेली सफरचंदाची कडक फोड, करकर आवाज. टॅमसिन सफरचंद नेहमी वाफवून द्यायची, बोटानं दाबलं की चेंबेल इतकं. त्या संध्याकाळी तिनं वाफवलं नाही. फोन किटलीला टेकवून उभा केला, फोड नेलच्या हातात दिली. थोड्या वेळानं फोन घसरला. तो सरळ करायला ती वळली.

नेल दोनदा खोकली. मग काहीच नाही.

दार उघडून डोरीन आत आल्या तेव्हा टॅमसिन अजून फोनच्या पडद्यात बघत होती. खुर्चीत नेलचं तोंड उघडं होतं, डोळे मोठे झाले होते आणि ओठ शिसपेन्सिलीच्या रंगाचे. डोरीननी पट्टा सोडला, तिला हातावर पालथी घेतली, डोकं खाली धरलं आणि तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला फोड जमिनीवर पडली. नेल रडली.

रुग्णवाहिकेतल्या लोकांनी तिला तपासलं, रुग्णालयात डॉक्टरांनी घसा बघितला. इजा नव्हती. सगळे म्हणाले, नशीब.

पण सोमवारपासून नेलनं तोंड मिटलं. खुर्चीत ठेवायला नेलं की ती कमानीसारखी मागे वाकायची. गाजर, केळं, टोस्ट, पूर्वी आवडणारी ब्रोकोली, कशालाच हात लावेना. टॅमसिननं पद्धत गुंडाळून ठेवली. वाटलेल्या फळांच्या पिशव्या आणल्या, ज्या चमच्यांना तिनं घरात थारा दिला नव्हता ते आणले, आणि जन्मात म्हणणार नाही असं ठरवलेलं विमानही तिच्या तोंडून उडालं. नेल ओठ घट्ट मिटून मान फिरवी. एकदा कॉलमच्या आवाजाला ती फोनवर हसली, तेवढ्यात टॅमसिननं चमचा आत सारला. नेल ओकली. त्यानंतर आईचा हात चेहऱ्याजवळ आला की ती दचकू लागली. बाटलीसुद्धा ती पेंगत असतानाच घेई. जाग आली की ढकलून देई.

टॅमसिन तिच्यापुढे गुडघे टेकून बसायची आणि विनवायची. एक घास, नेल. एकच. कॉलम तेव्हा जवळच्या हीशम बंदरातून सुटणाऱ्या बोटीवर कामाला होता, आठवडाभर बाहेर. तो फोनवर विचारी, “खाल्लं का काही?” आणि टॅमसिन फोन बंद करी.

गुरुवारी चर्चच्या सभागृहात नेलचं वजन करायचं होतं. वजन उतरलं होतं. बालआरोग्य परिचारिका लिनेट शांतपणे बोलल्या. दूध चालू ठेवा, जबरदस्ती अजिबात करू नका, भरवण्यातल्या तज्ज्ञांकडे मी आजच कळवते, पण तिथं रांग आहे. पुढच्या गुरुवारी पुन्हा वजन करू. आणखी उतरलं तर रुग्णालयात दाखल करावं लागेल, आणि वेळ आलीच तर काही दिवस नाकातून नळी. लिनेट आणखीही बरंच सांगत होत्या. टॅमसिनच्या कानात नळी एवढाच शब्द राहिला.

गाडीत बसल्यावर तिनं फोन काढला. रविवारचं चित्रण त्यात तसंच होतं. बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यात आधी छत दिसत होतं, मग किटलीची कड. नेलचे दोन खोकले ऐकू आले. मग शांतता. आणि त्या शांततेत टॅमसिनला स्वतःचा आवाज ऐकू आला, लाडाचा, खुशीतला: “शाब्बास माझी राणी, दाखव सगळ्यांना!”

लेकीचा श्वास बंद होता आणि आई तिला शाब्बासकी देत होती!

घरी येऊन तिनं फोन डोरीनच्या पुढ्यात ठेवला आणि ते ऐकवलं. डोरीननी शेवटपर्यंत ऐकलं.

“मला बोला,” टॅमसिन म्हणाली. “चार दिवस तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. काय वाट्टेल ते बोला.”

“बोलून तिच्या पोटात काही जाणार आहे का?”

“तुम्हाला कसं कळलं? दार बंद होतं. ती ओरडलीसुद्धा नाही.”

“ओरडली नाही म्हणूनच कळलं,” डोरीन म्हणाल्या. मग जरा अवघडून त्यांनी सांगितलं. ते ‘आमच्या घरची रुग्णवाहिका’ चित्रण बघितल्यावर त्या किनाऱ्यावरच्या बचाव पथकाकडे गेल्या होत्या. तिथं शनिवारी सकाळी रबराच्या बाहुलीवर शिकवतात. “हसली होतीस ना तू. म्हटलं, कधी घाबरायचं ते तरी शिकून येऊ. तिथली बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, आजी, तोंडात बोट घालणं सोडा. मूल आवाज करतंय तोवर बसून राहा, आवाज थांबला की उठा. म्हणजे तुझंच बरोबर होतं. ते तुला येऊन सांगायची मला लाज वाटली. मग बसले दाराआड कान लावून.”

टॅमसिन रडू लागली. डोरीननी तिला रडू दिलं, किटली चढवली, आणि चहा पुढे ठेवताना विचारलं, “तू शेवटची जेवलीस कधी, पोरी?”

“सकाळी टोस्ट खाल्ला.”

“कुठं?”

“सिंकपाशी. उभ्यानं.”

“आणि ती आल्यापासून तिच्यासमोर बसून, ताट घेऊन, कधी?”

टॅमसिनला आठवेना. नेलचं जेवण चालू असताना ती चित्रण करायची, जमीन पुसायची, नेल झोपली की उरलेलं खायची. कॉलम बोटीवर जेवायचा आणि घरी असला की टीव्हीपुढे. डोरीन दाराआड असत.

“म्हणजे या घरात खाणारी ती एकटीच,” डोरीन म्हणाल्या. “तिला वाटत असेल, खाणं ही तिलाच लावलेली शिक्षा आहे. बाकी कुणी खातच नाही, नुसते तिच्या तोंडाकडे बघतात. आधी तू फोनमधून बघायचीस, मी धसक्यानं बघायचे. आता दोघी रडून बघतोय. माझ्या तोंडाकडे कुणी असं बघत बसलं ना, तर मीसुद्धा मिटून घेईन, आणि मी रविवारचं जेवण कधी चुकवलेलं नाही.”

टॅमसिन रडता रडता हसली. रविवारनंतर त्या घरातलं मोठं माणूस पहिल्यांदाच हसलं होतं.

“तुझी पद्धत काय म्हणते?” डोरीननी विचारलं. “घरचं जेवण, घरच्यांबरोबर. घरचं होतं. घरच्यांचं काय झालं?”

टॅमसिननं लिनेटना फोन करून विचारलं, नेलबरोबर बसून जेवलं तर उपयोग होईल का. लिनेट म्हणाल्या, हेच मी मघाशी सांगत होते, पण तुमचं लक्ष नव्हतं. एक-दोन दिवसांत चमत्काराची वाट बघू नका, दूध देत राहा, आणि ती सुस्तावली किंवा लंगोट कोरडे राहू लागले तर पुढच्या गुरुवारपर्यंत थांबू नका. त्याच संध्याकाळी टॅमसिननं सासूचं चित्रण गटातून काढून टाकलं आणि त्या जागी सफरचंदाचं काय झालं ते लिहिलं. काही जणींनी आभार मानले. एकीनं लिहिलं, अशा आयांमुळेच पद्धत बदनाम होते.

पुढचे काही दिवस टेबलावर दोन ताटं मांडली जात. नेल आजीच्या मांडीवर बसे. खात काहीच नसे, पण मागे वाकणं कमी झालं. मंगळवारी कॉलम आला आणि ताटं तीन झाली.

वाचकहो, इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मूल चमच्यानं खावं की हातानं, यावरून आपण किती भांडतो! सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला, आणि हल्ली हजार अनोळखी माणसं तिसऱ्या बाजूला. त्या भांडणात कुणाचं तरी बरोबर ठरतं, आणि मूल उपाशी राहतं. मुलाचा घास हे आपलं यश दाखवायचं ठिकाण नाही. पद्धत कोणतीही निवडा, पण कडक फळ वाफवा, मुलाजवळ बसा, फोन दूर ठेवा, आणि घशात काही अडकलं तर काय करायचं ते घरातल्या प्रत्येकानं शिकून घ्या, आजीनंसुद्धा आणि बापानंसुद्धा. आणि मुलानं जेवावं असं वाटत असेल तर त्याच्याबरोबर जेवा. त्याला यातलं दुसरं काहीच अजून समजत नाही.

बुधवारी संध्याकाळी डोरीननी मटण-बटाट्याचं हॉटपॉट, म्हणजे ओव्हनमध्ये मंद शिजवलेलं कालवण, केलं. फोन पावाच्या डब्यात ठेवले. नेलला या वेळी कॉलमनं मांडीवर घेतलं. तिच्यापुढे काही मांडलं नाही. नियम एकच होता, आणि तो टॅमसिननंच केला होता: तिच्या तोंडाकडे टक लावून कुणी बघायचं नाही. डोरीन म्हणाल्या, “कान तरी उघडे ठेवू ना?” तेवढी सूट मिळाली.

कॉलम बोटीवरच्या खानसाम्याबद्दल सांगत होता, जो म्हणे वाटाणेसुद्धा करपवतो. डोरीन म्हणाल्या, “मग तुला माझ्याच हातच्या जेवणाची आठवण येत असेल.” टॅमसिन हसली आणि पहिल्यांदा तिला कळलं की आपल्याला भूक लागली आहे. ती जेवू लागली. खरोखर जेवू लागली. तेवढ्यात तिच्या ताटाच्या कडेवर एक लहान हात आला. तिनं मान वर केली नाही. हातानं मऊ शिजलेला बटाटा चेंबवला, एक गोळा उचलला, मग दुसरा. टॅमसिननं नजर मिठाच्या भांड्यावर खिळवली. कॉलम बोलत राहिला, एकच वाक्य दोनदा. डोरीन ऐकत होत्या. एक बारीक ठसका आला, मग मोकळा श्वास, मग टेबलावर थाप.

जेवण झाल्यावर तिघं जमिनीवर वाकली. खुर्चीखाली, कॉलमच्या बाहीत, नेलच्या गळपट्टीच्या खिशात शोधलं. बटाट्याचा एक गोळा टेबलाच्या पायाशी सापडला. दुसरा सापडला नाही.

तो पोटात गेला की नाही हे कुणी पाहिलेलं नाही. वजन गुरुवारी सकाळी आहे.