वनमालाच्या डोक्यावर मी

मी टोप बोलतोय. थांबा, लगेच पातेलं डोळ्यांसमोर आणू नका. ज्यात भात शिजतो तो टोप वेगळा. मी डोक्यावर चढवायचा टोप, केसांचा. नाटकवाले आम्हाला टोपच म्हणतात. शिकलेली माणसं हल्ली विग म्हणायला लागली आहेत. काहीही म्हणा, नावाचं मला काही नाही. माझा वैताग वेगळाच आहे, आणि तो आज सांगूनच टाकणार आहे.

मला दादूनं बनवलं. मुलुंडला त्याची एक अंधारी खोली होती. हौशी नाटक मंडळांना तिथून कपडे, दागिने, दाढ्यामिशा भाड्यानं मिळायच्या. बायका विंचरून झालं की केसांचं गुंतवळ भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात ना, ते सुया-पिनांच्या बदल्यात गोळा करणारी एक बाई दादूकडे यायची. त्या गुंतवळातून दादूनं केस सोडवले, धुतले, सारखे केले आणि एकेक बट जाळीवर गाठी मारून बसवली. म्हणजे मी कुणा एकीचा नाही. कुठल्या कुठल्या चाळींतल्या बायकांचा मिळून झालो.

माझे पहिले दिवस झकास गेले. गणपतीतली नाटकं, कामगारांच्या स्पर्धा, कुठे कुठे मिरवलो. नायिका मला घालून रंगमंचावर आली की पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायची. तीन अंक झाले की मी पुन्हा डब्यात. त्यात माझी काही तक्रार नव्हती. नाटकात सगळ्यांनाच ठाऊक असतं की हे खोटं आहे.

मग एके दिवशी काशीराम आला.

काशीराम मूळचा कोकणातला. परळच्या गिरणीत होता, तेव्हा गिरणीच्या नाटकांत कामं करायचा, म्हणून दादूची ओळख. संप झाला, गिरणी बंद पडली आणि तो भांडुपच्या एका कंपनीत वॉचमन म्हणून लागला. पूर्वी दादूकडे आला की पायरीवरूनच संवाद म्हणत यायचा. त्या दिवशी गप्प येऊन बसला.

"दादू, बायकांचा एखादा चांगला टोप आहे का रे?"

"नाटक बसवतोयस?"

"नाय रे. वनमालासाठी."

वनमाला त्याची बायको. तिच्या छातीत गाठ निघाली होती. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि आता दर काही आठवड्यांनी सलाईनमधून औषध चढवत होते. लाल रंगाचं. पहिल्या खेपेनंतर उलट्यांनी बेजार झाली. त्या जरा थांबल्या तर केस जायला लागले. सांगताना काशीराम स्वतःच्याच चपलांकडे बघत होता. दादूनं मला डब्यातून काढून झटकलं आणि कागदात गुंडाळून दिलं. "ने. परत आणायची घाई नको करू."

काशीरामचं घर घाटकोपरला, भटवाडीच्या चढावर. एक खोली, पुढे ओटा. मुलगी राधा गेल्याच वर्षी लग्न होऊन पनवेलला गेलेली. घरात तिघंच: काशीराम, वनमाला आणि काशीरामची म्हातारी आई, जानकी.

काशीरामनं कागद सोडला आणि मला बायकोच्या मांडीवर ठेवलं. एखाद्या साडीसारखं, कौतुकानं.

वनमाला कॉटवर बसली होती. डोक्याला जुन्या पातळाचा तुकडा गुंडाळलेला. तिनं मला हातसुद्धा लावला नाही.

"हे काय?"

"घालून तर बघ. कुणाला कळणार पण नाही."

"काय कळणार नाही? मी आजारी आहे ते? अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. शेजारची सुगंधा पाण्याला जाते तेव्हा आपल्या दारापुढून तोंडाला पदर लावून जाते."

"म्हणूनच म्हणतो ना."

जानकी कोपऱ्यात लसूण सोलत होती. ती लेकावरच उखडली. "तिच्या तोंडाक चव नाय, पोटात अन्न रवना नाय, आणि तू टोप काय घेवन इलंस मेल्या!" पण लगेच सुनेकडे वळून आवाज खाली आणून म्हणाली, "पण आणलो हा तर घाल गो. सवाष्ण बाई तू. असा उघड्या डोक्यान बरा दिसना नाय."

शेवटी वनमालानं मला घातलं. दोघांचं तोंड बंद करायला घातलं, हे मला तेव्हाच कळलं.

आणि तिथून माझी वाट लागली.

मी नाटकाचा. नायिकेच्या स्वतःच्या केसांत पिना खोचून मला बसवायचे. हिच्या डोक्यावर पिन खोचायला काहीच नव्हतं! काशीरामनं दोन्ही कडांना इलॅस्टिक शिवलं. सैल ठेवलं की मी कपाळावर घसरायचो, घट्ट केलं की तिच्या कानांमागे लाल वळ उठायचे. औषधामुळे तिच्या डोक्याची कातडी आधीच हुळहुळी झालेली, आणि माझी जाळी खरखरीत. ती ओढणं सोसायची, मग एकदम मला उपटून कॉटवर आपटायची. तासाभरानं पुन्हा घालायची. दिव्यांच्या उजेडात मी देखणा दिसायचो, तो इथे ओट्यावरच्या उन्हात, तिच्या उतरलेल्या, भुवयाही विरळ झालेल्या चेहऱ्यावर भलताच काळाभोर आणि चमकदार दिसायला लागलो.

जानकी एकदा बघून म्हणाली, "दशावतारातली राणी कशी दिसतंस."

वनमाला हसली नाही. मला हसू आलं असतं, पण आपण कुणाच्या डोक्यावर बसलो आहोत याचं भान ठेवावं लागतं.

काशीराम मात्र खूश. ड्यूटीवरून आला की आधी तिच्या डोक्याकडे बघायचा. मी तिथे असलो तर, "आज बरी दिसतेस हं." नसलो तर मान वळवून कपडे बदलायला लागायचा. वनमालाला हे कळत नव्हतं थोडंच? त्याची पावलं चढावर वाजली की ती मला ओढून डोक्यावर बसवायची. मला हे अजिबात आवडत नव्हतं. पण टोपाला कोण विचारतो!

वनमालाचा जीव खरा अडकला होता तो पोळीभाजी केंद्रात. आमच्या उताराखाली आठ-दहा बायका मिळून ते चालवायच्या. मुख्य मंजुळाताई, अंगानं थोराड, बोलायला फटकळ. वनमाला तिथे चपात्या लाटायची, आणि तिच्यासारखी चपाती दुसरीची व्हायची नाही, असं मंजुळाताई स्वतःच सांगायच्या. पण केस गळायला लागले तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या डब्यात केस निघाला. मंजुळाताई घरी आल्या. "तू आराम कर गं. बरी झालीस की ये." बोलल्या गोडच, पण वनमालाच्या जागी दुसरी बसली.

"आराम म्हणे," वनमाला जानकीला सांगत होती. "दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं, त्याला आराम म्हणतात होय? हात धडधाकट आहेत माझे."

आता मी होतो. डोकं भरलेलं दिसत होतं. दोन खेपांच्या मधले जरा बरे दिवस आले तशी ती मला घालून, वर पदर घेऊन, उतार उतरून केंद्रात गेली. मंजुळाताईंनी तिला खालीवर न्याहाळलं. "आले वाटतं केस?"

"टोप आहे," वनमाला म्हणाली. "लाटायला बसू?"

बसली. इतक्या दिवसांनी लाटणं हातात आलं, तसा तिच्या खांद्यांतला ताठरपणा गेला हे मला वरून जाणवलं. पण समोर दोन शेगड्या धडधडत होत्या आणि वर पत्रा तापलेला. माझ्या जाळीखाली घाम साचला, कपाळावरून डोळ्यांत उतरायला लागला. तिनं मनगटानं पुसला, की मी तिरका. सरळ केलं, की कपाळाला पीठ. बाजूला बसलेली शेवंती खुदकन हसली. वनमालानं दात आवळले आणि लाटत राहिली.

आणि मग मंजुळाताई कणकेची परात पुढे घेताना थांबल्या. चिमटीत धरून त्यांनी एक केस वर उचलला. लांबसडक, काळाभोर.

"वनमाला. पुन्हा?"

सगळे हात थांबले. वनमालानं त्या केसाकडे बघितलं. मग तिनं पदर खाली केला, दोन्ही हातांनी इलॅस्टिक सोडवलं आणि सगळ्यांसमोर मला डोक्यावरून काढलं.

"हा याचा आहे," मला पिठाच्या डब्यावर ठेवत ती म्हणाली. "नाटकाचा आहे, जुना झालाय, झडतो. माझ्या डोक्यावर एक तरी दिसतो का बघा. नीट बघा."

कुणी बघेना. शेवंतीनं मान खाली घातली. मंजुळाताई घाबऱ्या होऊन दाराकडे बघत म्हणाल्या, "अगं झाक, झाक आधी! गिऱ्हाईक येईल कुणीतरी."

"येऊ दे. तेव्हा तुम्हाला केसांची भीती होती म्हणून घरी बसवलंत. आता केसच नाहीत, तर त्याचीही भीती? मग मी कशी यायची ते तरी सांगा मला!"

आवाज चिरकला तिचा. रडली मात्र नाही. मला वाटलं होतं आता कुणीतरी उठेल, तिला जवळ घेईल, नाटकात घेतात तसं. तसलं काही झालं नाही. शेगडीवरची चपाती करपायला लागली, वास सुटला. मंजुळाताईंनी ती उलथण्यानं बाजूला टाकली, फडताळातून पांढरा धुतलेला फडका काढला आणि वनमालाच्या हातात दिला.

"बांध डोक्याला. आणि शेवंते, तू पण बांध. त्या वेण्या सोडून बसलीय मघापासून. सगळ्याच बांधा, उद्यापासून. चला, आवरा, डबेवाला येईल."

वनमालानं फडका बांधला आणि पुन्हा लाटायला बसली. मी पिठाच्या डब्यावर पडून होतो. जाताना तिनं मला पिशवीत कोंबलं आणि तशीच, फडक्यानिशी, सगळ्या चाळीसमोरून चढ चढून वर आली.

काशीराम ओट्यावर उभा होता. त्यानं लांबूनच तिला पाहिलं.

"टोप कुठाय?"

"पिशवीत."

"एवढा मी खपून आणला तो पिशवीत ठेवायला? लोक बघतायत वनमाला."

"बघू देत. सुगंधा बघते, मंजुळाताई बघतात. तुम्हीच तेवढे बघत नाही. घरात आल्यावर कधी माझ्याकडे बघितलंत हो, हा नसताना?"

काशीराम तिच्या मागोमाग आत शिरला. तिनं मला पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरलं. "तुम्ही घाला. घाला ना! घाला आणि त्या स्टोव्हपुढे बसा. मग सांगा मला काय ते."

मला वाटलं तो चिडेल. पण त्यानं मला घेतलं आणि खरंच स्वतःच्या डोक्यावर चढवलं. वॉचमनचा खाकी शर्ट आणि वर मी. स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवून बसला. जानकीनं तोंडात पदर कोंबला, तरी तिचं हसू फुटलंच. थोड्या वेळानं तो खाजवायला लागला. मग घाम फुटला. चहाला उकळी यायच्या आधीच त्यानं मला काढलं आणि माझी जाळी आतून चाचपून पाहिली.

"टोप घातलास की वाटतं, तू बरी आहेस," तो म्हणाला. "काढलास की मला भीती वाटते गं. फार भीती वाटते."

"मला नाही वाटत?"

जानकी उठली. तिनं खोबरेल तेलाची वाटी स्टोव्हच्या कडेला जरा कोमट केली आणि लेकाच्या पुढ्यात ठेवली. "डोक्याक लाय तिच्या. कातडी तडतडता म्हणून सांगत होती."

वनमालानं फडका सोडला. काशीरामचा हात मधेच थांबला, मग पुढे गेला. केस गेल्यापासून त्यानं पहिल्यांदाच तिच्या डोक्याला हात लावला. आधी दोन बोटं, मग सगळा तळवा. ती डोळे मिटून बसली होती. मी जमिनीवर पडलो होतो आणि मला कुणी उचलत नव्हतं. खरं सांगतो, त्या घरात तेवढा वेळ मला सुखाचा गेला.

पुढे औषधाच्या खेपा संपल्या. वनमाला त्या काळात फडका बांधूनच केंद्रात जायची, अगदीच गळून गेली तर घरी पडायची, जरा उभं राहवलं की पुन्हा जायची. पुढच्या वर्षी तिला केस आले. पूर्वीसारखे सरळ नव्हे, बारीक कुरळे आणि निम्मे पिकलेले. तपासणीला तिला अजून जावं लागतं. निघायच्या आदल्या दिवशी घरात कुणी धड जेवत नाही. पण आहे ती, आणि चपात्या लाटते आहे.

मी आता भटवाडीला नसतो. तपासणीच्या रांगेत वनमालाला मालन भेटली, मानखुर्दची. तिच्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि हिचं औषध नुकतंच सुरू झालेलं. दादूला विचारून वनमालानं मला स्वतः नेऊन दिलं. आधी मला सौम्य साबणानं धुतलं, जाळीला आतून मऊ सुती अस्तर लावलं. मालनला म्हणाली, "इलॅस्टिक कानावरून घे, कानामागून नको. आणि नको वाटला ना, तर सरळ काढून ठेव. कुणाच्या बापाची भीती नाय."

मालननं मला लग्नात घातलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, फोटो निघाले. त्यानंतर तिनं मला मांडवामागे काढून बहिणीच्या हातात दिलं, डोक्याला स्कार्फ बांधला आणि पंगतीत जाऊन बसली.

आता मी मानखुर्दला तिच्या खोलीत एका खिळ्यावर असतो. कधी ती घालते, कधी आठवडा आठवडा हातही लावत नाही. तिच्यानंतर आणखी कुणी मला न्यायला येईल. या, जरूर या. पण एवढं करा, घरी जिच्या डोक्यासाठी मला नेणार, तिला आधी विचारून या. मला तिच्या डोक्यावर बसवून तुम्हीच निर्धास्त होणार असाल, तर मला नेऊ नका. ते काम माझ्याच्यानं होत नाही, मी करून बघितलंय. ती हो म्हणाली तर मी आहेच, अस्तरासकट. नको म्हणाली तर मला इथेच राहू द्या आणि तुम्ही तिच्याजवळ जाऊन बसा.