सातव्या पानावरचे अब्बा

टाचणी अब्बांच्या डाव्या खांद्यातून आरपार गेली होती. फोटोतल्या अब्बांच्या, म्हणजे; तरी सबीहाने चहाचं आधण तसंच उकळत ठेवून आधी ती उपसून काढली आणि खांद्यावर पडलेलं भोक नखाने दाबून बुजवत बसली. टाचणीने अडकवलेली चिठ्ठी भूपेंद्रची – ‘मॅडम, पान सात तेवढं बघून सही करा, आज चार वाजता छापायला जातंय’ – आणि चिठ्ठीखाली अब्बा, हातात लाल कापडाचा पीळ धरून हसणारे. ते हसू खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

‘हिरवं शहर, निळा तलाव : पाहुण्यांसाठी’. बत्तीस पानांची ही पुस्तिका पालिकेची असली तरी हात तिचा. पालिकेत पर्यावरणाचं काम बघणारा भूपेंद्र – तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सायकलवर फिरणारा आणि गाडीवाल्या सगळ्यांना मनातून खजील करणारा – शाळेत येऊन म्हणाला होता, मॅडम, तुमच्यासारखं मराठी गावात कोणाला येतं? मराठीच्या बाईला याहून मोठी लाच कुठली… तिने एकतीस पानं अगदी मन लावून लिहिली. पाण्याची बाटली घरून आणा. तलावाला वळसा पायी घाला, पंचावन्न मिनिटं लागतात, बुड्या मारणारी टिबुकली बघत थांबलात तर जास्त. घाटावर साबण लावू नका. रविवारी कोरीट गावचे शेतकरी भाजी आणतात, ती आपल्या पिशवीतून न्या. तलावाकडे पाहुण्यासारखे या, मालकासारखे नको – हे वाक्य सुचलं त्या दिवशी ती स्वतःवरच खूष होऊन दोनदा चहा प्यायली होती.

सातवं पान मात्र भूपेंद्रने स्वतः लिहिलं, अब्बांना भेटून, त्यांच्याच तोंडून ऐकून. ‘रंगारी बशीरमियां यांनी चाळीस वर्षे केवळ झाडपाल्याचे रंग वापरले आणि तलावाच्या पाण्याला कधीही डाग लागू दिला नाही. पाहुण्यांनी त्यांच्या अंगणात अवश्य थांबावे.’

कधीही. शाळेत ती मुलांना सांगते, ‘कधीही’ आणि ‘नेहमी’ हे शब्द जपून वापरा बाळांनो, एक दिवस जरी निसटला तरी वाक्य खोटं पडतं. आणि इथे तर एक दिवस नव्हे… सात वर्षं. तिची सहावी ते बारावी. 

आधीची वर्षं खरी होती, अगदी खरी. अंगणात डाळिंबाच्या साली वाळत, लाल रंगासाठी आलाच्या झाडाची मुळं कुटली जात, आणि कोपऱ्यातल्या मडक्यात गंजलेलं लोखंड नि गूळ पंधरा-पंधरा दिवस आंबत पडे – त्यातून काळा रंग निघे. तो तयार झाला की नाही हे अब्बा डोळ्यांनी बघतच नसत, बोट बुडवून जिभेवर टेकवत. डोळे मिटून म्हणत, ‘अभी कच्चा है.’ किंवा काही न म्हणता नुसते उठत, म्हणजे झाला. रंगाऱ्याची जीभच त्याचा तराजू. पण दिवाळीआधी तळोद्याच्या बाजाराला लुगडी पोचवायची असत, मुळांचा लाल आठ दिवस घेई, आणि सुरतेहून आलेल्या रासायनिक पुडीतला लाल एका दुपारीत होई. कोण थांबणार आठ दिवस? लुगडं नेसणाऱ्या बायाही थांबत नव्हत्या. अब्बांनी काही पाप केलं नाही, सगळ्यांनी केलं तेच केलं… असं मी म्हणते. असं मी अठ्ठावीस वर्षं म्हणत आले.

पुडीच्या काळ्याचं पहिलं भांडं शिजलं तेव्हा अब्बांनी सवयीने त्यात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. एवढा मुरलेला रंगारी आणि ही चूक! अर्थात मुरलेलाच ती करणार, नवख्याला जिभेचं काय माहीत. तोंड तीन दिवस सुजलेलं होतं, अम्मी चमच्याने थंड दूध पाजत होती, आणि दारात कापड घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला काय सांगावं ते कोणालाच सुचेना, तेव्हा बारा वर्षांची सबीहा पुढे होऊन चटकन म्हणाली होती, ‘अब्बांची दाढ दुखतेय.’ शुद्ध मराठीत, शाळेतल्यासारखं. अम्मीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हापासून घरातली सगळी वाक्यं तिची – रेशनचा अर्ज, कारागीर पेन्शनचा अर्ज, अम्मी गेल्यावर मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज. अब्बा सही करत. आज उलटं झालं होतं. अब्बांची वाक्यं होती आणि सही तिने करायची होती.

खोडलं तर? खोडलं तर ऐंशीला टेकलेल्या माणसाला सांगावं लागेल, का खोडलं ते. गेला महिनाभर ते रोज दाढी विंचरून अंगणात बसतात, पाहुण्यांना काय दाखवायचं याची तालीम करतात. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना विचारायला आलं. आणि न खोडलं तर तिच्या अक्षरात, तिच्या पुस्तकात, ते पान कायमचं खरं होईल.

शनिवारची सकाळची शाळा आणि मग वह्या आटोपल्यावर, दुपारी, ती घरी न जाता तलावाकडे वळली. नव्या पाट्या पुस्तिकेतल्या नकाशाप्रमाणे लागल्यात का हे बघायचंय, असं तिने स्वतःला सांगितलं. पाट्या लागल्या होत्या. पाणी निवांत होतं, पलीकडे हळदीकुंकू बदकांचं एक जोडपं, आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर वत्सलाबाई, शिंगाड्यांची टोपली पुढ्यात घेऊन. शिंगाड्याचे वेल तलावात लावायचे आणि डोणीतून वल्हवत जाऊन तोडायचे हा त्यांच्या घराचा पिढीजात धंदा.

“ये व पोरी, बठ,” वत्सलाबाई म्हणाल्या. “पुस्तकमा तुन्हा बापना फोटो छापी ऱ्हायनात म्हने?”

“हाऊ, मावशी.”

“बरं शे. मंग मन्हा शिंगाडासनं बी लिख. पिशवी घरनी लई या म्हना.”

सबीहा हसली, आणि हसता हसता टोपलीकडे बघत राहिली. हिरवे, काटेरी, ओले शिंगाडे. वत्सलाबाईंनी एक सोलून तिच्या हातावर ठेवला – आतला गर पांढराशुभ्र. तिने तो तसा नसलेलाही पाहिला होता. ती बारावीत होती, दिवाळी तोंडावर, अब्बांची रंगाची भांडी याच घाटावर आठवडाभर धुतली जात होती. आणि वत्सलाबाई याच पायरीवर बसून शिंगाडा सोलत होत्या, एक, दुसरा, तिसरा… प्रत्येकाचा गर जांभळट. त्यांनी भरली टोपली पाण्यात उपडी केली. कोणाला शिवी दिली नाही, वर घाटाकडे बघितलंही नाही. कॉलेजची वही छातीशी धरून सबीहा वरच्या पायरीवर उभी होती आणि तशीच घरी गेली. त्या वर्षी त्यांचं सगळं पीक गेलं. नंतरच्या वर्षी अब्बांनी भट्टी विझवली. मिलच्या कापडापुढे आमचं काय चालणार, असं सगळ्यांना सांगितलं. म्हणजे, मी सांगितलं.

तिला विचारायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, आणि कधी नव्हे ते शाळेच्या मराठीत नव्हे.

“मावशी, त्या वरीसले शिंगाडा जांभळा निंघना व्हतात ना?”

वत्सलाबाईंचा हात थांबला नाही. साल सोलत त्या म्हणाल्या, “तवय ना? दुसरा दिन तुन्हा बाप उना व्हता आठे. टोपलीजोडे बठना. घडीभर पानीकडे देखत ऱ्हायना, आनि उठी गया.”

“काय बोलनात?”

“काहीच नही.”

“आनि तू?”

“मी काय बोलू व माय? बोलाले तं तो उना व्हता.” त्यांनी साल पाण्यात न टाकता पदराखालच्या डब्यात टाकली. “बोलता तं मी ऐकी लेती.”

एवढंच. राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. बाजारभाव सांगावा तसं सांगून त्या पुढचा शिंगाडा सोलायला लागल्या. परतीची वाट पुस्तिकेत बारा मिनिटांची लिहिली होती, सबीहाला ती किती लागली कळलं नाही. अब्बा आले होते. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ते गुपित फक्त तिचं आहे, अब्बांना ठाऊकच नाही, आणि त्यांना कळू नये म्हणून ती सांभाळते आहे. आणि ते तर दुसऱ्याच दिवशी जाऊन बसले होते… बोलायला गेले होते. त्यांना वाक्य सापडलं नाही. कसं सापडणार? घरात वाक्यं माझ्याकडे होती, आणि मी ती अर्जांवर खर्च करत होते.

अंगणात अब्बा तयार बसले होते, धुतलेला कुडता, पुढ्यात डाळिंबाच्या साली मांडलेल्या.

“आ गई? सुन, पाहुणे आएंगे तो पहले ये साल दिखाऊँगा, बाद में कपडा. ठीक है ना?”

“अब्बा, मैं तालाब पे गई थी. वत्सलामावशी मिली.”

साली नीट लावणारी त्यांची बोटं जागच्या जागी राहिली. कोण वत्सला, काय झालं, कशाबद्दल – यातलं काही त्यांनी विचारलं नाही. अगदी हळू म्हणाले, “क्या बोली वो?”

“बोली, वो बोलता तो मैं सुन लेती.”

अब्बांनी मान खाली घातली. समोरची एक साल उचलून परत ठेवली. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तिला घाबरवणारी एक आशा होती – रेशनच्या खिडकीपाशी, तहसीलच्या बाकावर ते असेच बघत.

“क्या बोलते बेटा, ऐसे में? तू बता. लिख के दे मेरेकू.”

फोन वाजायला लागला. भूपेंद्रच असणार, चारला दहा मिनिटं कमी होती. सबीहाने तो वाजू दिला; सातवं पान पिशवीतच होतं, सहीविना. ओठांवर वाक्य आलंच होतं – चांगलं, शुद्ध, दुखावणार नाही असं, ‘अनवधानाने’ हा शब्द असलेलं. तिने ते गिळलं. “मुझे नहीं आता, अब्बा,” ती म्हणाली, आणि म्हणताना तिला कळलं की हे खरंच आहे. अब्बा अजून तिच्याकडेच बघत होते. ओठ हलत होते त्यांचे, आवाज न करता, शब्द जुळवत… ती तिथेच जमिनीवर त्यांच्या शेजारी बसली. त्यांना मदत करण्याची अनावर इच्छा होत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा, त्यांना वाक्य न पुरवता, ती गप्प राहिली.